पातळ तेल, घट्ट समजुती

आपल्या बोलीत ‘पातळ’ हा शब्द कौतुकानं क्वचितच येतो. दूध पातळ म्हणजे त्यात पाणी घातलेलं. आमटी पातळ म्हणजे घरात पाहुणे वाढले आणि डाळ तेवढीच राहिली. उर्दूत एखाद्याची ‘हालत पतली’ झाली म्हणजे तो अडचणीत आला. उलट मैत्री घट्ट असते, वीण घट्ट असते आणि दोघांचं फारच जमत असेल तर त्यांची ‘गाढी छनती है’ असं म्हणतात. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दांची ही गंमत मला रोज दिसते. पण अशा सवयीमुळे एखाद्याच्या रोजीरोटीवर गदा येऊ शकते, हे मी अलीकडेच पाहिलं. निमित्त होतं गाडीच्या इंजिन ऑइलचं.

हल्लीच्या पेट्रोल गाड्यांसाठी जे तेल सांगितलेलं असतं, त्याच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे आकडे असतात. जपानमध्ये तर ०डब्ल्यू-८ पर्यंत मजल गेली आहे. हे तेल डब्यातून ओतलं की धार सरळ आणि भरभर पडते. वीस वर्षांपूर्वी गाडीत पडणाऱ्या तेलासारखी ती मधाच्या तारेनं उतरत नाही. सोलापुरातल्या आमच्या गॅरेज गल्लीत या तेलाला एकच नाव आहे : पानी.

माझे मामू या गल्लीत चाळीस वर्षांपासून मिस्त्री आहेत. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले आणि मग उस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड पुसायला लागले. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप आणि पुढे मारुती ८०० या गाड्यांवर त्यांचा हात बसला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचं, हे मी लहानपणी त्यांच्याकडेच पाहिलं. तेलाबद्दल त्यांचा नियम एका वाक्याचा होता : “गाडी जितनी पुरानी, तेल उतना गाढा. और सोलापूर की धूप में तो गाढाच डालना.”

हा नियम अडाणीपणाचा नव्हता. ॲम्बेसेडरचं इंजिन मुळात इंग्लंडमधल्या जुन्या आराखड्याचं. कार्ब्युरेटरमधून कधी जास्तीचं पेट्रोल आत जायचं आणि रिंगांच्या फटीतून खाली उतरून तेलात मिसळायचं. धूळ भरपूर, एअर फिल्टर साधा, तेल साधं मिनरल, आणि इंजिन दोन-तीनदा खोलून बोअर केलेलं. अशा इंजिनात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घातलं की आवाज कमी व्हायचा, धूर कमी व्हायचा, ऑइल प्रेशरचा दिवा विझायचा. मामूंनी जे पाहिलं त्यावरून जे शिकले ते त्या गाड्यांसाठी बरोबरच होतं.

अडचण आली ती गाड्या बदलल्यावर. दोनेक वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणारा एक तरुण आपली नवी हॅचबॅक घेऊन मामूंकडे आला. फुकट सर्व्हिसिंग संपलं होतं आणि सर्व्हिस सेंटरचं बिल त्याला परवडत नव्हतं. मामूंनी मनापासून काम केलं आणि पिंपातलं २०डब्ल्यू-४० भरलं. पातळ तेलाऐवजी घट्ट तेल भरून आपण गाडीचं भलंच केलं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. महिन्याभरात गाडीचा ॲव्हरेज थोडा पडला आणि एके सकाळी चेक इंजिनचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा दोष वाल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेत दाखवला आणि तिथल्या माणसानं डिपस्टिक पुसून सांगितलं, “तेल कुणी भरलं? वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही.”

दिवा तेलामुळेच लागला, हे कुणी सिद्ध केलं नाही. पण तो तरुण गल्लीत येऊन चार माणसांसमोर जे बोलला, त्यानं मामूंच्या चाळीस वर्षांच्या इज्जतीला ओरखडा गेला. त्या आठवड्यात दोन ओळखीचे लोक गाडी न दाखवताच पुढे निघून गेले. मामू मला म्हणाले, “मास्टर, तुम पढे-लिखे हो. जरा देखो तो, ये पतला तेल है क्या चीज.” भाषेच्या शिक्षकाचा इंजिनाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध एवढाच की गाडीचं मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि ते वाचून समजावणारा घरात मीच होतो.

सुरुवात डब्यावरच्या अक्षरांपासून केली. ‘०डब्ल्यू-१६’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो. शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ असा अर्थ गल्लीत रूढ झाला होता, तो खोटा. शून्याच्या वर्गातलं तेल उणे ३५ अंश सेल्सियसलाही इंजिन फिरवू देईल इतकं वाहतं राहिलं पाहिजे. वीसच्या वर्गातल्या तेलाची हीच परीक्षा उणे १५ अंशांवर होते. दुसरा आकडा, म्हणजे १६, ३० किंवा ४०, तेल गरम झाल्यावर किती दाट राहतं त्याचा. आकडा लहान तितकं ते गरम असताना पातळ.

हे वर्ग ठरवणारी संस्था अमेरिकेतली एसएई. तेलाची वर्गवारी तिनं पहिल्यांदा केली १९११ साली. वीस, तीस, चाळीस, पन्नास हे आकडे मिस्त्रींच्या तीन पिढ्यांना पाठ होते. त्यात १६ हा वर्ग आला २०१३ मध्ये आणि १२ व ८ हे वर्ग २०१५ मध्ये. म्हणजे मामू उस्तादाकडे शिकत होते तेव्हा हे तेल तर सोडाच, त्याचं नावही अस्तित्वात नव्हतं. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला. जे नव्हतंच ते न येणं हा काही गुन्हा नाही.

मग प्रश्न आला ‘पानी’चा. द्रवाच्या दाटपणाला विज्ञानाच्या पुस्तकात श्यानता म्हणतात, उर्दूत लुज़ूजत. दोन्ही शब्द मामूंच्या उपयोगाचे नव्हते, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मोजमापाच्या हिशेबात पाणी साधारण एक धरलं, तर ०डब्ल्यू-१६ तेल चाळीस अंशांना, म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या दुपारी, तिसाच्या वर भरतं. घरातलं शेंगदाण्याचं तेलही जवळपास तेवढंच. मामींनी वाटीत तेल ओतून दिलं आणि मामूंनी ते सवयीनं अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळलं. “ये तो पानी नहीं है,” ते म्हणाले. शेंगदाणा तेल गाडीत घालू नये हे सांगायची गरज नव्हती. उष्णतेनं ते लवकर खराब होऊन चिकट होईल. मात्र एक जुनी गोष्ट त्यांना आवडली. एरंडेल तेल एकेकाळी शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत वापरलं जाई आणि कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून आलं आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या लोकांना यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

तेल गुळगुळीत असतं म्हणून घर्षण कमी करतं, असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट जास्त मजेची आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशॉं टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्यानं बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं. आस फिरायला लागला तसं तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्यानं बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून आपल्याखाली पाचरीसारखं कोंबत होता आणि त्या दाबावर सगळं वजन तरंगत होतं. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आजच्या गाडीचा क्रँकही असाच तेलाच्या थरावर तरंगतो. थर काही मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी.

आता घट्ट तेलाचा थर जाड होतो, हे खरं. पण ते तेल ढवळायला, पंपानं ढकलायला आणि थरावर थर सरकवायला इंजिनाची ताकदही जास्त लागते. जर्मनीच्या रिचर्ड स्ट्राइबेकनं १९०२ च्या सुमारास याचा आलेख काढला. तेल फारच पातळ, वेग कमी आणि भार जास्त असेल तर धातूला धातू घासतो आणि घर्षण वाढतं. तेल गरजेपेक्षा घट्ट असेल तर धातू घासत नाही, पण तेलाचा स्वतःचा अडथळा वाढतो. या दोघांच्या मध्ये एक जागा आहे जिथे घर्षण सर्वांत कमी. मामूंना मी हा आलेख वहीवर काढून दाखवला, तेव्हा त्यांनी त्याला त्यांच्या भाषेतलं नाव दिलं : मीज़ान. तराजूचा काटा इकडेही झुकायला नको आणि तिकडेही.

त्यांचा पुढचा मुद्दा सोलापूरच्या उन्हाचा होता. बाहेर ४३ अंश असताना पातळ तेल आत तग कसं धरेल? इथे थर्मोस्टॅटची आठवण करून द्यावी लागली, जो त्यांनी हजार वेळा बदलला आहे. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून पाण्याचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतात आणि तेलही त्याच्याच आगेमागे, शंभरच्या घरात राहतं. पुण्यात पाऊस असो की सोलापुरात लू, आतला हिशेब फार बदलत नाही. म्हणून तेलाची अवघड परीक्षा १५० अंशांवर आणि वेगानं घुसळून घेतात. त्या परीक्षेत १६ च्या वर्गाला किमान २.३ गुण लागतात, २० च्या वर्गाला २.६, ३० ला २.९ आणि २०डब्ल्यू-४० ला ३.७. गुण म्हणजे अर्थात दाटपणाचं माप. मामूंनी दोन टोकांचे आकडे बघितले आणि म्हणाले, “फरक तो है.” फरक आहेच. प्रश्न हा की २.३ वर चालणारं इंजिन तसं घडवलेलं आहे का.

नव्या इंजिनात फक्त तेल बदललेलं नाही. क्रँकचा पृष्ठभाग पूर्वीपेक्षा गुळगुळीत घासलेला असतो. काही बेअरिंगवर खास थर दिलेला असतो, कारण सिग्नलला बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत धातूला धातू टेकण्याची वेळ दिवसातून कितीदा तरी येते. तेलाचा पंप गरजेप्रमाणे कमी-जास्त ढकलतो. तेलात झिंक आणि मॉलिब्डेनमची संयुगं असतात, जी थर तुटला तरी धातूवर एक पापुद्रा धरून ठेवतात. वाल्व्ह कधी उघडायचे हे बदलणारी यंत्रणा तर तेलाच्याच दाबावर चालते. तिच्या बारीक वाटांतून ठरलेल्या दाटपणाचं तेल ठरलेल्या वेळेत पोचावं असं कंपनीनं धरलेलं असतं. तिथे २०डब्ल्यू-४० घालणं म्हणजे बारीक बोरूसाठी केलेल्या शाईच्या जागी डांबर वापरण्यासारखं, असं मी म्हणालो. मामू हसले, पण त्या हॅचबॅकचा दिवा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा.

यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो सगळ्यांत महत्त्वाचा होता. “इसमें कंपनी का क्या फायदा?” चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला माहीत असतं की फुकट कुणी काही बदलत नाही.

मी सांगितलं की यामागे कॅफेचा कायदा आहे. “चाय का?” मामूंनी विचारलं. हा कॅफे म्हणजे कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी इंधनवापर. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या आणि १९७५ मध्ये तिथे असा पहिला कायदा झाला. आपल्याकडे तो २०१७ पासून लागू झाला. सरासरी गाडीनं किलोमीटरमागे १३० ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडू नये, अशी सुरुवात होती. २०२२-२३ पासून ही मर्यादा ११३ ग्रॅमवर आली. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर लिटरला साधारण २१ किलोमीटर. इतकं खाली यायचं तर कंपन्या प्रत्येक ठिकाणी थेंब थेंब वाचवतात. टायर, वजन, गिअर, आणि तेलसुद्धा. इंजिनाचा एकही भाग न बदलता अर्धा-एक टक्का मिळत असेल तर तो कोण सोडेल? होंडानं अमेरिकेत इन्साइट या हायब्रिड गाडीसाठी ०डब्ल्यू-२० आणलं आणि टोयोटानं २०१८ च्या कॅमरीसाठी ०डब्ल्यू-१६, ते याच वाटेनं.

मग आम्ही मालकाचा हिशेब केला. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला वीस, म्हणजे सहाशे लिटर पेट्रोल. घट्ट तेलाऐवजी योग्य पातळ तेलानं एक-दोन टक्के वाचले, तर सहा ते बारा लिटर. हे तेल सिंथेटिक असल्यामुळे साध्या तेलापेक्षा महाग, त्यामुळे मालकाच्या हातात उरतं ते थोडंच. “देखो, मैं बोला था,” मामू म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पण लाखो गाड्या रस्त्यावर असतील तर प्रत्येकीचे सहा लिटर मोजायला हवेत. अम्मी आम्हाला वजू करताना नळ बारीक सोडायला लावायची, तेव्हा एका माणसाच्या तांब्याभर पाण्यानं काय होतं, असं तिनं कधी विचारलं नाही. इसराफ हा इसराफच, एका थेंबाचा असो की हौदाचा.

मामूंच्या शंकेत आणखी तथ्य होतं आणि तेही मला मॅन्युअलमध्ये सापडलं. पातळ तेलात चुकीला जागा कमी. छोट्या अंतराच्या फेऱ्या असतील, सकाळी शाळा आणि संध्याकाळी बाजार, तर इंजिन नीट तापत नाही आणि तेलात उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. मुळात पातळ असलेलं तेल त्यामुळे आणखी पातळ होतं. म्हणून तेल बदलायच्या तारखेत किलोमीटरबरोबर महिनेही लिहिलेले असतात आणि जे आधी होईल ते पाळायचं असतं. पातळी तपासणंही पूर्वीपेक्षा गरजेचं. साडेतीन लिटरची टाकी असेल आणि त्यातलं एक लिटर कमी झालं, तर उरलेल्या तेलावर भार वाढतो. एकाच इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये देशानुसार एकाहून जास्त वर्गांची परवानगी दिलेली असते, तीही विनाकारण नाही. काही मॅन्युअल असंही सांगतात की गाडी सतत मोठ्या वेगानं किंवा जड ओझ्यानं चालवायची तर एक पायरी घट्ट तेल चालेल. एक पायरी म्हणजे १६ वरून २०. थेट ४० वर उडी नाही, आणि तीही मॅन्युअलनं परवानगी दिली तरच.

उलट्या बाजूचा धोकाही गल्लीत दिसायला लागला आहे. कुणीतरी मोबाइलवर पाहतो की ०डब्ल्यू-१६ नं ॲव्हरेज वाढतो आणि दीड लाख किलोमीटर चाललेल्या जुन्या व्हॅनमध्ये ते घालायला सांगतो. झिजलेल्या बेअरिंगच्या मोठ्या फटीतून ते भरभर निसटेल, गरम इंजिन मंद चालीवर आलं की प्रेशर पडेल आणि रिंगांवरून वर जाऊन तेल जळेल. हे होऊ नये म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत जे नवं मानांकन आलं, त्यात ०डब्ल्यू-१६ साठी डब्यावर वेगळं, ढालीसारखं चिन्ह ठेवलं. इतर तेलांचं गोल काटेरी चिन्ह त्याला दिलं नाही, कारण ते जुन्या गाड्यांत चालणार नाही. मोटारसायकलचा मामला तर आणखी वेगळा. बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. गाडीच्या पातळ तेलातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लचच्या प्लेटांवर गेली की क्लच घसरायला लागतो. बाइकला तिच्याच डब्यातलं तेल हवं.

असे आम्ही चार-पाच शुक्रवार, जुमाच्या नमाजनंतर, बसलो. शेवटी मी एक तक्ता केला. डाव्या रकान्यात गल्लीत येणाऱ्या गाड्यांची नावं आणि साल, मधल्या रकान्यात मॅन्युअलमधला तेलाचा वर्ग, उजवीकडे किती लिटर आणि किती महिन्यांनी. मजकूर उर्दूत आणि मराठीत, कारण शेजारच्या गॅरेजमधली मुलं देवनागरी वाचतात आणि मामूंची दोन पोरं उर्दू. खाली एक ओळ मामूंनी स्वतः सांगितली : “तेल कौनसा, ये गाडी को पूछो. मिस्त्री को नहीं.” तक्ता आता ग्रीसच्या बोटांनी कडेला काळा झाला आहे, म्हणजे वापरात आहे. पिंप अजून तिथेच आहे, जीप आणि टेम्पोंसाठी. त्याच्या शेजारी एक लहान कपाट आलं आहे, ज्यात सीलबंद डबे असतात. ते गिऱ्हाइकासमोर फोडायचे आणि रिकामा डबा त्याच्या हातात द्यायचा, ही पद्धत मामूंनी स्वतःच सुरू केली.

या सगळ्यातून मला जे दिसलं ते तेलापुरतं नाही. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुलं नववी-दहावीत शाळा सोडून गॅरेजमध्ये जातात. त्यांतली काही माझ्या वर्गातली असतात. कविता पाठ न होणारा मुलगा इंजिन खोलून जसंच्या तसं जोडतो, तेव्हा त्याला बुद्धी कमी आहे असं मी म्हणू शकत नाही. पण गाडीचं ज्ञान आता हातातून आणि कानातून कमी आणि छापील पानातून जास्त येतं, आणि ते पान इंग्रजीत असतं. उस्तादाकडून शागिर्दाकडे जे जातं ते मागच्या पिढीच्या गाड्यांचं असतं. मधली दरी वाढत गेली तर गल्लीतला मिस्त्री फक्त पंक्चर आणि पॉलिशपुरता उरेल आणि बाकीचं काम काचेच्या दारामागे जाईल. त्याच्याकडे कौशल्य नाही म्हणून नव्हे, तर त्याच्या भाषेत कुणी सांगितलं नाही म्हणून.

या वर्षी मी नववीच्या मुलांना उर्दूतून मराठीत भाषांतराचा सराव देताना एका धड्याऐवजी तेलाच्या डब्याचं लेबल दिलं. ‘रवानी’ या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर वाद झाला. एकानं ‘प्रवाहीपणा’ लिहिलं, एकानं ‘ओघ’. मागच्या बाकावरचा, संध्याकाळी वडिलांच्या गॅरेजमध्ये बसणारा मुलगा म्हणाला, “सर, तेल वाहतं ना, मग ‘वाहतेपणा’ लिहा.” त्याला मी पूर्ण गुण दिले.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतही न फोडलेलं, पडलं असेल. पुढच्या सर्व्हिसिंगला ते बाहेर काढा, इंजिन ऑइलचं पान शोधा आणि तुमच्या मिस्त्रीला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतील. त्यानं आयुष्यभर तुमच्या गाडीचं ऐकून घेतलं आहे, एवढं तर तुम्ही त्याला ऐकवू शकता.